पुष्पाताईला, कव्हरातल्या साडीबद्दल

सक्करदरा, नागपूर
गुरुवार, सकाळी

तीर्थस्वरूप पुष्पाताईच्या पायांवर धाकट्या मनोहरचं डोकं. या खेपेला ते नुसतं टेकवलेलं नाही, ठेवूनच दिलेलं आहे असं समज.

आधी हे सांगतो की पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे जिवंत आहेत. आबा दोन्ही वेळा जेवतात आणि भाजीत तिखट कमी आहे म्हणतात, म्हणजे प्रकृती उत्तम. कामिनीचा गुडघा फक्त पावसाळ्यात दुखायचा, तो आता बाराही महिने दुखतो, त्यामुळे पाऊस कधी येणार हे आम्हाला कळेनासं झालं आहे. भूमिका कॉलेजात रसायनशास्त्र शिकते आणि संध्याकाळी घरी येऊन तेच आम्हाला शिकवते. भाऊजींची शुगर कशी आहे? लग्नघर आहे म्हणून बुंदीच्या कढईजवळ उभे राहू नका म्हणावं. ऋतुजाच्या तब्येतीचं विचारत नाही, लग्न ठरलेल्या पोरीची तब्येत चांगलीच असते. विचारावी लागते ती तिच्या आईची. तुझं बीपी कसं आहे? सकाळची गोळी घेतली असशील तरच पुढे वाच. घेतली नसेल तर घेऊन ये, मी थांबतो.

फोन असताना पत्र काहून, असं तू विचारशील. कारण फोनवर तू मला ‘हं, बोल’ म्हणतेस आणि मग तूच बोलतेस (रागावू नको, हे भाऊजींचंही म्हणणं आहे, पण ते उमरेडात राहतात म्हणून बोलत नाहीत). गेल्या आठ दिवसांत मी तुला पाच वेळा फोन लावला. पाचही वेळा तू मंडपवाल्याचं, आचाऱ्याचं, अमरावतीच्या व्याह्यांनी किती माणसं वाढवली त्याचं सांगितलंस, आणि शेवटी विचारलंस, ‘आबाची साडी काढून ठेवली ना गा? मी न्याले येईन.’ आणि मी पाचही वेळा म्हणालो, ‘हो, ठेवली.’ ताई, यात खोटं काही नाही. साडी काढली, आणि ठेवली. काढण्याच्या आणि ठेवण्याच्या मधे जे झालं तेवढं सांगायचं राहिलं. तोंडानं सांगायला गेलो तर मी रडेन आणि तू म्हणशील नेटवर्क नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळेत गुरुजींनी पत्र शुद्ध भाषेत लिहायला शिकवलं होतं, तसा प्रयत्न करतो आहे. मधे आपली बोली घुसली तर समज की तिथे माझा धीर सुटला.

नऊ वर्षांपूर्वीचं तुला आठवतच असेल. आबांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, नत्थूजी, आता उजेड मोजकाच उरला आहे, जपून वापरा. दुसरा कोणी असता तर त्यानं तीर्थयात्रा केली असती, नाही तर निदान टीव्ही पाहिला असता. आबा मागावर बसले. चार महिने, खिडकीतून ऊन आत आलं की बसायचे आणि ऊन भिंतीवर सरकलं की उठायचे. कोशाच्या रेशमाची साडी, करवतकाठी, आणि काठाचे करवतीसारखे दाते इतके बारीक की भूमिका तेव्हा म्हणाली होती, आबा, याने लाकूड नाही, केस कापता येईल. पदराचा शेवटचा हातभर भाग त्यांनी डोळ्यांनी विणलाच नाही, बोटांनी विणला. मी बाजूला बसून पाहत होतो. बोटं धाग्यावरून जायची, थांबायची, मागे यायची, पुन्हा जायची. साडी उतरली त्या दिवशी घडी घालून तुझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘पुष्पे, हे ऋतुजाच्या लग्नात नेसवजो. आता माह्या हातून दुसरं होत नाही.’ ऋतुजा तेव्हा अकरावीत होती. महिनाभरात मागाची लाकडं सुटी करून माळ्यावर गेली आणि मागाच्या खड्ड्यावर आम्ही फरशी बसवली. डोळे पुरते गेले तरी अजूनही आबा त्या फरशीवरून जाताना पाय जपून टाकतात.

तू ती साडी आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवणार होतीस आणि दर दसऱ्याला घडी बदलणार होतीस. तू बरोबर होतीस. (हे वाक्य मी तुला लेखी देतो आहे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. पाहिजे तर चौकट करून लाव.) पण तेव्हा मी हसलो. ‘कोन्या जमान्यात राहून राहिली वं ताई?’ असं म्हणालो, चार पाहुण्यांसमोर म्हणालो, आणि तुझ्या मांडीवरची साडी उचलून घेतली. म्हणालो, अख्ख्या विदर्भातल्या साड्या माझ्या कव्हरात झोपतात, आणि माझ्या बापाची साडी चिंधीत झोपणार? तू आबांकडे पाहिलंस. आबा म्हणाले, ‘त्याचा धंदा हाये, त्याले मालूम असन.’ ताई, मले काहीच मालूम नव्हतं.

माझ्या धंद्याबद्दल तुला वरवर माहीत आहे, आज खरं सांगतो. लकडगंजातल्या आपल्या दुकानात मी काय करतो? पीव्हीसीची पारदर्शक शीट येते, ती कापायची, मशीनवर गरम करून कडा चिकटवायच्या, एका बाजूला चेन बसवायची, वर मोर आणि दुकानाचं नाव छापायचं. झालं साडीचं कव्हर. घरात विणकराची तिसरी पिढी आणि मी विणलेलं झाकून ठेवायचा धंदा काढला याचा मला केवढा गर्व होता! व्यापारी आला की मी वर्तमानपत्र कव्हरात घालायचो, चेन लावायचो, बादलीभर पाण्यात बुडवायचो, पाच मिनिटांनी काढून त्यातली बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचो. लोक टाळ्या वाजवायचे. एकानेच विचारलं होतं, ‘शेठ, साडी काय पाण्यात ठेवायची आहे?’ मी त्याला अडाणी समजलो. पण त्याचं खरं होतं. नागपुरात साडी बुडून मेल्याचं कोणी ऐकलं आहे का? इथं जो तो उन्हानं मरतो.

घरातही मी काही मोकळं सोडलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट कव्हरात, लग्नाचा अल्बम कव्हरात, बँकेची कागदं कव्हरात, सोफ्याला तर अंगभर कव्हर, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणा उठला की सोफा त्याच्याबरोबर अर्धा उठायचा. कामिनी एकदा म्हणाली, ‘मलेही एक दिवस भरून ठेवजा, मंग शांत बसजा.’ तरी मी सुधारलो नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या भावाकडे कोराडीला आंब्याचं लोणचं पाठवायचं होतं. बरणी फुटेल म्हणून मी नवं कोरं कव्हर घेतलं, त्यात लोणचं भरलं, तेल वर तरंगत होतं ते पाहून मला वाटलं काय सुंदर दिसतं, आणि दिलं पाठवून. वीस दिवसांनी त्याचा फोन आला, ‘जवाईबुवा, लोणचं आंब्याचं होतं की रेनकोटाचं?’

तेव्हा भूमिकानं मला समोर बसवून पहिला धडा दिला होता. म्हणाली, बाबा, हे प्लास्टिक मुळात नळाच्या पाइपासारखं कडक असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात. ते आत बांधलेलं नसतं, नुसतं भिजून बसलेलं असतं. तेलकट पदार्थ लागला की त्यात उतरतं, ऊन लागलं की बाहेर येतं. खाण्याच्या वस्तूसाठी जे पाकीट बनवतात त्याला काय मिसळायचं याचे नियम असतात, तपासणी असते. तुमची शीट कोणत्या कामासाठी बनवली आहे? मी शीटच्या गठ्ठ्यांवरचं लेबल पाहून आलो. त्यावर फक्त ‘उत्तम’ लिहिलं होतं. (स्वस्त पडते म्हणून जुनं वितळवून बनवलेली शीट मी घ्यायचो, हे मी तिला सांगितलं नाही. तुला सांगतो.) मी वाद घातला. म्हणालो, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट याचंच, दवाखान्यात रक्ताची पिशवी याचीच, मग ते लोक काय वेडे आहेत? ती म्हणाली, ‘नाही, ते ठरवून बनवतात. कोणती वस्तू, किती दिवस, किती थंड, सगळं मोजून. तुम्ही मोर छापून काहीही भरता.’ मी म्हणालो, तू जेव. लोणच्यावरून माणूस काही शिकत नाही, ताई. फार तर लोणचं फेकतो.

आता गेल्या आठवड्यातला मंगळवार. तुला पहिला फोन लावला त्याच दिवशी, पण त्याआधी, दुपारी मी वरच्या खोलीत गेलो. टिनाच्या छताखालची खोली, तुला माहीत आहे, मे महिन्यात तिथं मेणबत्ती उभी राहत नाही. तिथल्या कपाटावर, आडवी, नऊ उन्हाळे ती साडी पडून होती. कव्हर पिवळं झालं होतं. मी म्हटलं जुनं झालं, चालायचंच. चेन सरकेना. कामिनीनं खोबरेल तेल लावलं, तरी सरकेना, म्हणून कात्रीनं कड कापली. आतून एक वास आला, आंबट आणि गोडसर, आणि हाताला चिकट लागलं, उन्हातली गुळाची भेली लागते तसं. मग मी कव्हर साडीवरून सोलायला लागलो. ताई, तो आवाज मला तुला लिहून सांगता येत नाही. जखमेवरची पट्टी काढताना जो येतो तो, पण खूप लांब.

काठावरची जर काळी पडली आहे. घड्यांच्या रेघांवर कोसा तडकला आहे, बोट लावलं की धागा तुटतो. जिथं जिथं प्लास्टिक टेकलं होतं तिथं तेलकट डाग, आणि डांबराच्या गोळ्या जिथं होत्या तिथं कव्हर वितळून कापडातच बसलं आहे. (पाच गोळ्या मीच टाकल्या होत्या. कसर लागू नये म्हणून. कसर बिचारी निदान थोडं तरी ठेवते.) आणि पदर उलगडला, आबांनी बोटांनी विणलेला तो हातभर पदर, तर त्यावर मोर. माझा मोर. त्याच्याखाली ‘मनोहर पॅकेजिंग, लकडगंज’, आणि माझा मोबाईल नंबर, सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. कव्हरावरची शाई नऊ वर्षांत प्लास्टिकमधून पदराच्या मागच्या बाजूला उतरली आणि कोशातून आरपार पुढे आली. बापाच्या शेवटच्या विणकामावर पोरानं आपली जाहिरात छापली, आणि तीही वाचता न येणारी.

कामिनी पलंगावर बसली आणि तुटलेले धागे वेचायला लागली. भूमिकानं गोळीचा एक चिकट तुकडा उचलून विचारलं, ‘बाबा, हे कोनं टाकलं होतं?’ मी पंख्याकडे पाहिलं. तिनं तो तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. वाद घालायला लागली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस मी जे उपाय केले ते ऐकून तू हसशील, हस. पावडर लावली, डाग तसाच आणि वर पावडर. स्पिरिट लावलं, शाई पसरली, मोराला दुसरी मान फुटली. यूट्यूबवर एका बाईनं सांगितलं बेसन लावा, तेही लावलं, कामिनी म्हणाली आता तळायची तेवढी राहिली. शेवटी इतवारीतल्या ताराचंदकडे गेलो. ताराचंद म्हणजे चाळीस वर्षं मुरलेला ड्रायक्लीनर, लोकांच्या लग्नातले शालू त्याच्याकडे येतात, हाताला पारख आहे. त्यानं साडी टेबलावर पसरली, चष्मा लावला, काठ पाहिला, आणि आधी डागाचं बोललाच नाही. म्हणाला, ‘ये काम किसका है?’ मी म्हणालो, माझ्या वडिलांचं. म्हणाला, ‘और ये?’ आणि मोरावर बोट ठेवलं. मी म्हणालो, माझं. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘मनोहरभाऊ, प्लास्टिक की पन्नी कपड़े में उतर गई है. मैं धोऊँगा तो दाग जाएगा, साथ में साड़ी भी जाएगी.’ मग त्यानं स्वतःच्या कपाटातून एक जुनी सुती चादर काढली, साडी तिच्यात ठेवली, गाठ न मारता नुसती दुमडली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. मी स्कूटरवरून एका हातानं घरी आलो.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं. घरात नमुन्याच्या कव्हरांचे चार गठ्ठे पडले होते. मी ते उचलले, मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेले, रॉकेल कुठलं, म्हणून कामिनीची गोडेतेलाची पिशवी ओतली आणि काडी लावली. मला वाटलं आग लागेल, राख होईल, मी हात झटकून घरी येईन. पीव्हीसी तेवढं सरळ जळत नाही. ते आधी आक्रसलं, मग काळं झालं, मग त्यातून असा धूर निघाला की प्लॉटवरची कुत्री उठून गेली. वारा नेमका अंजनाबाईंच्या गच्चीकडे. अंजनाबाई म्हणजे आपल्या शेजारच्या, ज्यांनी तुला मागच्या वेळी पापडखार दिला होता, त्या. त्यांनी सकाळपासून तीन खाटांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वरून त्या ओरडल्या, ‘काय जाळून राहिले गा मनोहरभाऊ, मानूस हाये का?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो धूर आत गेला. घशात कोणी किसणी फिरवली असं वाटलं. तेवढ्यात भूमिका बादली घेऊन धावत आली, पाणी ओतलं, मला दंडाला धरून लांब ओढलं. ‘बाबा, हे जाळायचं नसते! याच्या धुरात ॲसिड असते!’ मी तिथंच दगडावर बसलो, डोळ्यांतून घळाघळा पाणी. अंजनाबाई खाली येऊन म्हणाल्या, धुरानं झालं, डोळे धुवा. मी म्हणालो, हो, धुरानंच. ताई, आठ दिवसांत मला रडायला तेवढी एकच सोय मिळाली, ती मी पुरती वापरून घेतली.

आता यापुढचं लिहायला हात होत नाही. पण गोळी घेतली आहेस, तर वाच.

आबा रोज विचारायचे, ‘पुष्पीच्या पोरीची साडी काढली का गा? एकदा माह्या हाती दे.’ मी रोज काही तरी सांगायचो. उन्हात टाकली आहे, इस्त्रीला दिली आहे, फॉल लावायला दिली आहे. (करवतकाठीला फॉल! आबांनी कपाळाला आठ्या घातल्या.) शनिवारी कारणं संपली. मी इतवारीत गेलो आणि सहा दुकानं पालथी घालून एक साडी आणली. रंग तोच, काठ दिसायला करवतीचाच, पण यंत्रमागावरची. दुकानदारानं ती कव्हरातून काढली. कव्हर माझंच होतं.

रविवारी सकाळी आबा ओसरीत खाटेवर बसले होते. मी साडी त्यांच्या मांडीवर ठेवली. कामिनी दारात उभी, मी खांबाला धरून. आबांनी आधी नुसता तळवा ठेवला, देवळात ठेवतात तसा. मग अंगठ्याचं नख काठावरून नेलं, एक एक दाता. मग काठ उलटा करून मागची बाजू पाहिली, बोटांनी. पदरावर आले. तिथं बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा आली. शेवटी एक कोपरा नाकाजवळ नेला. ओसरीत चिमण्या ओरडत होत्या. मग त्यांनी घडी नीट केली, अगदी कोपऱ्याला कोपरा लावून, आणि माझ्याकडे धरली. म्हणाले, ‘बरं हाये.’ एवढंच. मी साडी घेतली आणि आत जाऊन मोरीत उभा राहिलो. त्यानंतर त्यांनी साडीचं नाव काढलं नाही. कामिनी म्हणते, त्यांना पटलं. मी तेव्हा म्हणालो, हो.

काय उरलं आहे ते सांगतो. सगळ्यात आतली घडी वाचली आहे, साधारण दोन हात कापड, काठासकट. बाहेरच्या घड्यांनी सगळं स्वतःवर घेतलं आणि तिला सांभाळलं. तो काठ उजेडात धरला की अजून तसाच दिसतो. मी त्याला कात्री लावलेली नाही, तो अधिकार तुझा. कामिनीनं आईचं एक जुनं लुगडं शोधून काढलं आणि त्यात सगळी साडी ठेवली आहे, सैल, हवा लागेल अशी. धंद्याचं म्हणशील तर दुकान चालू आहे, एवढं काही मी संत झालेलो नाही. पण आता कव्हरावर मोराऐवजी छापून घेतलं आहे, ‘ही पिशवी दुकानापासून घरापर्यंत. घरी साडी सुती कापडात ठेवा. खाण्याचे पदार्थ भरू नका. जाळू नका.’ एक व्यापारी म्हणाला, आपल्याच मालावर आपलीच बदनामी छापणारा पहिला माणूस पाहिला. कामिनी घरी मलमलच्या पिशव्या शिवते आहे. लोक हातात घेऊन पाहतात, म्हणतात, साडी दिसत नाही यातून. मी सांगतो, दिसत नाही, पण राहते.

ताई, ऋतुजाला मी काय सांगू? तू सांग म्हणावं तर तुझ्या तोंडी ते का घालू. लग्नाच्या दिवशी ती दुसरी कोणती तरी साडी नेसेल, महागाची असेल, सुंदर दिसेल, आणि लोक म्हणतील काय छान. मी मांडवात कुठे उभा राहू तेवढं आधी सांगून ठेव. तू चार माणसांत मला बोललीस तरी चालेल, मी तुला चार माणसांतच हसलो होतो. फक्त अबोला धरू नको. तू बोलत नसलीस की मला फोनवर ऐकायला काही राहत नाही.

भाऊजींना नमस्कार, ऋतुजाला जवळ घेतल्यासारखं कर माझ्या वतीनं. बाकी सगळं जसं असायला हवं तसं नाही, पण आहे.

तुझा,
मन्या

ता. क. येताना उमरेडहून थोड्या कुरडया आणशील का? अंजनाबाईंच्या तीन खाटा फेकाव्या लागल्या. त्या काही म्हणत नाहीत, पण रोज सकाळी रिकाम्या खाटा आमच्या बाजूला उभ्या करून ठेवतात.

ता. क. दुसरा. तू बीपीच्या गोळ्या पाकिटातून सोलून माझ्या छोट्या कव्हरात भरून ठेवतेस, हे मला दिवाळीत दिसलं होतं आणि मला फार अभिमान वाटला होता. कृपा करून त्या काढ. गोळ्या आपल्या मूळ पाकिटातच राहू दे. ते पाकीटही याच जातीचं आहे, पण त्याला त्या कामाचं शिक्षण आहे, माझ्याला नाही.

ता. क. तिसरा. हे लिहू की नको, याच्यात काल अख्खी दुपार गेली. ताई, आबांना कळलं आहे. रविवारीच कळलं होतं. सोमवारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होतो तेव्हा म्हणाले, ‘मन्या, थे साडी माही नोहे.’ माझा हात थांबला. म्हणाले, ‘चोळ, चोळ. माही गेली का?’ मी हो म्हणालो. त्यांनी दुसरा पाय पुढे केला. मग म्हणाले, ‘कागद घे. पुष्पीले लिव. लिव का सूतच खराब होतं. डोये गेल्ते, मले दिसलं नाही, खोटं सूत लागलं, म्हनून साडी सडली. तुह्यं नाव नको घेऊ. थे तुह्यावर रागावली तं जन्मभर रागावन. माह्यावर कोन रागावते, मी आज हावो, उद्या नाही.’ साठ वर्षं ज्या माणसानं आपल्या सुताला कोणाला नाव ठेवू दिलं नाही, एका व्यापाऱ्यानं ‘माल हलका दिसतो’ म्हटलं तर विणलेलं ठाण परत घरी आणलं पण त्याला दिलं नाही, तो माणूस हे बोलला. मी नाही म्हणालो तर त्यांनी पाय ओढून घेतला. म्हणून लिहिलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो, दोनदा वाचून घेतलं, खाली अंगठा उमटवला. ते पत्र याच पाकिटात आहे, वेगळं दुमडून ठेवलं आहे. त्यातला एक शब्दही खरा नाही, पण अंगठा खरा आहे.

तर माझी खरी विनंती एवढीच, आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्यांना वाटतं तुला एकच पत्र गेलं. येशील तेव्हा तेच मिळालं असं दाखव. त्यांच्या खाटेवर बस, विचार, सूत कोणाकडून घेतलं होतं गा आबा, जरा पाहून घ्यायचं नाही का? थोडी चीड. लगेच माफ करू नको, त्यांना संशय येईल. सोमवारपासून ते रोज धुतलेलं धोतर नेसून ओसरीत बसतात आणि बसचा आवाज आला की ताठ होतात. तुझं बोलणं ऐकून घ्यायची पूर्ण तयारी करून बसले आहेत, ताई. ऐकवल्याशिवाय जाऊ नको.